गयाबाईच्या काळजातली सुई

वाकळ शिवताना कोणी हाक मारली की गयाबाई सुई चोळीला डाव्या बाजूला टोचायची आणि उठायची. आमच्याकडच्या सगळ्याच बायका असं करतात. पण आम्ही कामाला लागण्याआधी ती काढून ठेवतो. गया तशीच भाकरी थापायची, तशीच शेळ्यांमागे रानात जायची. मी म्हणायचे, "गये, एक दिवस रुतंल." ती म्हणायची, "माझी सुई हाय, मलाच कशी रुतंल?"

आमचं गाव हसनाबादच्या बाजूला. तिच्या आणि माझ्या अंगणात मधे नुसती तुराट्यांची कूड. तिच्या सासरची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन फिरायची. तिच्या वाट्याला चार शेळ्या आल्या. नवरा लवकर गेला. मुलगा रामा जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात लागला. गया दिसायला साधी आणि बोलायला फटकळ होती. वेगळं एवढंच, की तिला प्रत्येक गोष्ट आतून बघायची असे. शेळी व्याली की वार हातात धरून निरखायची. एकदा चांगला वाजणारा रेडिओ तिने उघडला. "आत काय हाय ते तर कळू दे," म्हणाली. तो पुन्हा वाजला नाही. त्यातलं लोहचुंबक तिने ठेवून घेतलं.

एका उन्हाळ्यात तिचं करडू विहिरीच्या काठाला गेलं. गयाने धावत जाऊन त्याला छातीशी आवळलं. करडू लाथा झाडत होतं, हिने सोडलं नाही. घरी येऊन बघते तर चोळीची सुई गायब. छातीवर रक्ताचा एक थेंब वाळला होता. तिला वाटलं, खूर लागला असेल.

सुई कुठे गेली, तर तिच्या मते त्या करडाच्या आईने, शेळीने खाल्ली. ती शेळी दुभती, म्हणून गयाचा जीव कासावीस झाला. लोहचुंबकाला दोरी बांधून तिने सगळं अंगण झाडलं. शेळीच्या लेंड्या काडीने फोडून बघितल्या. शेळीला बसू देईना, पळू देईना. शेळी धडधाकट होती. हिलाच श्वास घेताना कळ यायला लागली.

"उसण भरली आसंल," ती म्हणाली.

मी म्हटलं, "शेळीकडं बघायचं सोड आन् दवाखान्यात जा."

"आधी सुई सापडू दे."

पुढे कूस बदलता येईना, तेव्हा रामा सुट्टी टाकून आला आणि आम्ही तिला जालन्याला नेलं. रामाने मलाही घेतलं, बाईबरोबर बाईमाणूस लागतं. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. बरगड्यांच्या मधे पांढरी रेघ दिसत होती, सरळ आणि बारीक.

गया पुढे वाकली. "आगं बया, ही तर माझीच. मंग शेळीला काय झालंच न्हाई."

डॉक्टर म्हणाले, सुई काळजात रुतली आहे, संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात लगेच न्या, आणि छाती कोणी चोळू नका, दाबू नका. तिथे मशीनच्या पडद्यावर आम्हाला काळीज दिसलं. प्रत्येक ठोक्याला सुई हलत होती. रामाने तोंड फिरवलं. गया मान वाकडी करून बघत राहिली. तिला शेवटी आत काय आहे ते दिसलं होतं.

ऑपरेशन करणारे डॉक्टर तरुण होते. गयाने त्यांना विचारलं, "लोहचुंबकानं न्हाई का ओढता येत?"

"नको मावशी. काळजाभोवती एक पिशवी असते. सुई नुसती ओढली तर भोकातून रक्त येऊन ती भरते आणि काळीज आवळलं जातं. मग ते चालत नाही. छाती उघडूनच काढावी लागेल. अन् ठेवली तर ती आणखी आत जाईल. कदाचित काळीज थोडा वेळ बंद ठेवावं लागेल. तेवढा वेळ मशीन रक्त फिरवतं."

"काळीज बंद केल्यावर मी कुठं आसंल?"

"इथंच, टेबलावर."

"ते आंग झालं. मी कुठं?"

रामा चिडला. "माय, जीवावर बेतलंय आन् तू मस्करी करून राह्यली का?"

"मस्करी बिलकुल न्हाई. जायच्या आधी माणसानं विचारू न्हाई का, कुठं जायचं ते?"

डॉक्टर खाटेवर बसले. म्हणाले, "मला माहीत नाही मावशी. शुद्धीवर आलेले सगळे म्हणतात, आत्ताच तर झोपलो होतो."

"मंग मी नीट बघून सांगते," गया म्हणाली आणि आत जायला तयार झाली.

ती आत असताना मी भाकरी खाल्ली. रामाने खाल्ली नाही. तिकडे आई मरते की जगते, याचा घोर त्याला होता, तो मलाही होता. पण उपाशी राहून सुई निघत नसते.

सुई निघाली. शुद्धीवर आल्यावर, बोलण्याइतकी ताकद येताच तिने डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, काळीज बंद करावंच लागलं नाही. सुईचं टोक बोटाला लागलं, चालत्या काळजातूनच काढली.

गयाचं तोंड उतरलं. "एवढं विचारून ठेवलं, आन् बंद केलंच न्हाई?" मग म्हणाली, "हलत्या काळजाला टाका कसा घातला?"

डॉक्टरांनी चादरीचं टोक घेऊन दाखवलं. सुईभोवती आधी गोल टाका घालायचा, मग सुई ओढायची आणि बटव्याचं तोंड आवळतात तसा दोरा आवळायचा. तिने दोनदा करून दाखवायला लावलं. सुई मागितली. ती छोट्या बाटलीत होती, काळी पडलेली. ती शिकणाऱ्या पोरांना दाखवायला ठेवतो म्हणाले. "दाखवा," गया म्हणाली, "पण सांगा त्यास्नी, शेळीचा काही कसूर न्हाई."

घरी आल्यावर नवी सुई आणली. वाकळ पुढ्यात, मी शेजारी. शेळी ओरडली. गयाचा हात छातीकडे गेला, थांबला, आणि तिने सुई माझ्या खांद्यावर चोळीला टोचली.

"मला का?"

"तुझं काळीज दगडाचं. तिथं शिरायची न्हाई."

मग ती सवयच झाली. उठताना सुई माझ्याकडे, बसताना परत तिच्याकडे.

गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला. आदल्या दुपारी अंगात कणकण असूनही ती शिवत बसली होती, मग थंडी वाजते म्हणून आत गेली. रामाने दवाखान्यात नेलं, पण फुप्फुसं भरली होती, त्याच रात्री ती गेली. काळीज सगळ्यात शेवटी थांबलं, असं तिथल्या नर्सने सांगितलं. टाका पक्का होता.

तिला माती देऊन आल्यावर मी अंघोळीला बसले, तर चोळीच्या खांद्याला तिची सुई, दोऱ्यासकट. कुठं आसंल, हे तिने एवढं विचारलं होतं. आता तिला कळलं असेल. बघून सांगते म्हणाली होती, ते काही अजून सांगितलेलं नाही.

अर्धी राहिलेली वाकळ रामाने मला दिली. त्याच दोऱ्याने मी ती पुरी करायला घेतली. दोरा संपला तेव्हा दुसरा ओवला. तिचे टाके गव्हाच्या दाण्याएवढे, माझे बोटाएवढे. थंडीत मी तीच पांघरते. माझ्या बाजूच्या टाक्यांत पायाचा अंगठा अडकतो. मग मी वाकळ फिरवते आणि तिची बाजू पायाकडे घेते.