अर्ज मागे घेण्याचं कारण

ठाण्यात कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान होतं. डोंबिवलीचे एक फिजिक्सचे सर आपले लेख माझ्याकडून टाईप करून घेत. "पाचला येतो, अधिक-उणे दहा मिनिटं," म्हणत आणि तेवढ्यातच येत. अणूच्या पोटातले क्वार्क एकमेकांना किती घट्ट धरतात, ते सर कम्प्युटरवर काढत. त्यासाठी मच्छरदाणीसारखी जाळी कल्पायची आणि तिच्या गाठींवर क्वार्क ठेवायचे, एवढं मला समजलं होतं.

बढतीच्या अर्जाला जोडायचा लेख मी आदल्या दिवशीच तयार ठेवला होता.

"बाई, राहू द्या," सर आल्या आल्या म्हणाले. "जाळी बारीक केली तर उत्तर बदललं."

"मग नवा आकडा घाला ना. एकच पान बदलते."

"तसं नाही हो. जाळीबरोबर बदलतंय, म्हणजे ते क्वार्कचं उत्तरच नव्हे. अर्ज मागे घेतो. तेवढं पत्र करा."

"अहो सर, बढती जाईल!"

"जाईल."

मी मशीनला कागद लावला. अशा पत्रांची कारणं माझ्याकडे तयारच असत. "प्रकृती घालू की घरगुती अडचण?"

"उत्तर चुकलं, असं घाला."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, म्हणून तसंच टाईप केलं.