झोळी झुलेल तेवढा वेग

पंपावर डिझेलचा वास आला की तमाशाची जुनी बस आठवते. सत्तरच्या दशकात अख्खा फड तिच्यातच रांधायचा, झोपायचा आणि ती चालवायचो मी. एकदा साताऱ्याहून कवठे महांकाळला खेळासाठी निघालो. उशीर होईल म्हणून उतारावर बस पळवली. मागे साडीच्या झोळीत फडात नाचणाऱ्या शेवंताचं तान्हं बाळ होतं. झोळी खिडकीच्या दांडीवर आदळता आदळता वाचली.

"आवं ड्रायव्हर, घर हाय ह्ये आमचं!" शेवंता ओरडली.

मी ब्रेकवर पाय ठेवला. मग आरशात बघत, झोळी नुसती झुलेल एवढाच वेग धरला.

"पब्लिक उठून जाईल रं!" फडमालक करवादला.

पोचलो तेव्हा माणसं शेंगा फोडत अजून खेळाची वाट बघत बसलेली होती. बाळ गाढ झोपलं होतं. तेव्हा उशिराची लाज वाटली. आता वाटतं, त्या दिवशी मी गाडी चालवायला शिकलो.