काचेच्या कडेचा तुकडा

आमच्या लॅबमध्ये तिला सगळे शंकाताई म्हणत, तेही तोंडावर. पेशंटच्या शरीरातून काढलेले तुकडे मेणात बसवून कापायचं काम ती पंचवीस वर्षं करत होती. सख्ख्या भावाच्या लग्नपत्रिकेवरची तारीखसुद्धा तिने छापखान्यात फोन करून तपासली होती. संशयाला औषध नाही म्हणतात. आमच्या धंद्यात मात्र संशयाला पगार असतो.

स्लाइड कपाटात ठेवण्याआधी ती सूक्ष्मदर्शकाखाली डोकावायचीच. त्या दिवशी अशीच एक स्लाइड तिने माझ्यापुढे आणून ठेवली. रिपोर्ट मीच दिला होता. पेशंट एकतीस वर्षांची शिक्षिका, अजून मूल नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड झालेलं. वाढ साधी असेल तर गोळ्या आणि पुन्हा तपासणी. पेशींचं रूपच बिघडलं असेल तर कॅन्सर फार लांब नसतो, आणि बहुतेक वेळा पिशवी काढायला सांगतात. मी दुसरा प्रकार लिहिला होता. ऑपरेशन परवावर आलं होतं.

“डॉक्टर, बिघडलेल्या पेशी या एकाच तुकड्यात आहेत. आणि हा बघा, बाकीच्यांपासून लांब, काचेच्या कडेला. कुठेतरी पाणी मुरतंय.”

“आता माझ्यावरही संशय?” मी चिडलो. खरं तर घाबरलो होतो.

“तुमच्यावर आधी,” ती म्हणाली आणि मशीनकडे गेली.

तिने शिक्षिकेचा तोच मेणाचा ब्लॉक पुन्हा कापला, पार खोलपर्यंत. बिघडलेली एकही पेशी सापडली नाही. म्हणजे तो तुकडा शिक्षिकेचा नव्हताच.

कापलेले पापुद्रे आम्ही कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलतो. दोन पेशंटच्या मध्ये पाण्यावरून कागद फिरवायचा, नाहीतर एकीचा कण दुसरीच्या काचेवर चढतो. या कागदावरून ताईने दोन शिकाऊ मुलींना रडवलं होतं.

“त्या दिवशी कुणी कापलं, बघतेच आता,” म्हणत तिने वही उघडली. सही तिचीच होती. तिचा विश्वास बसेना. तिने सही बोटाने घासून पाहिली. मग खुर्चीत बसली.

“माझ्याच हातून झालं. आधी शिक्षिकेचं ऑपरेशन थांबवा.”

मी सर्जनला फोन केला. तोवर ताईने वहीत शिक्षिकेच्या लगेच आधी नोंदलेला ब्लॉक काढून कापायला घेतला होता. तो एका आजींचा. त्यांना मी तीन आठवड्यांपूर्वी ‘साधी वाढ’ लिहून दिलं होतं. नव्या काचेवर बिघडलेल्या पेशी दाटीवाटीने बसल्या होत्या. जुन्या काचेवर त्या थोड्याच होत्या, आणि माझ्या नजरेतून सुटल्या होत्या. मला स्वतःची लाज वाटली.

आजींनी दुसऱ्याच रिंगला फोन उचलला.

“डॉक्टर, तुम्ही? अहो, तुमचा रिपोर्ट ऐकून लेक इतकी खूश झाली! कालच गेली परत आपल्या घरी.”

ताई माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

“आजी,” मी म्हणालो, “लेकीला परत बोलावून घ्या.”