काकूंच्या पायाखालचं लेथ

टेम्पो सोसायटीच्या फाटकातून आत आला तेव्हा बायको खिडकीत मेथी निवडत बसली होती. चार हमालांनी दोऱ्या लावून ते धूड खाली उतरवलं. तिने जुडी बाजूला ठेवली आणि शांतपणे विचारलं, "लहान आहे म्हणालास ना रे?"

"लेथमध्ये लहानच आहे हे," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. साकीनाक्याच्या ज्या गाळ्यातून मी ते आणलं, तिथल्या बाकीच्या मशीनपुढे हे तान्हं बाळ. पण गाळ्यातलं लहान आणि मुलुंडच्या तळमजल्यावरच्या मागच्या खोलीतलं लहान यांत फरक असतो, आणि तो हमाल निघून गेल्यावर कळतो. दार उघडायला जागा उरली नव्हती. पुढचे काही महिने आम्ही त्या खोलीत आडवे होऊन शिरत होतो.

मी विम्याच्या ऑफिसात आहे. आयुष्यात लोखंडाशी माझा संबंध स्टेपलरपुरता. साकीनाक्याला गेलो होतो मिक्सरचं एक बूश, म्हणजे आतली छोटी पितळी नळी, बनवून घ्यायला. गाळेवाल्याने नवं कॉम्प्युटरवालं मशीन आणलं होतं आणि जुनं लेथ कोपऱ्यात उभं होतं, गळ्यात गेल्या दसऱ्याचा वाळलेला झेंडूचा हार घेऊन. धातूचा दांडा त्यात पकडायचा, तो गरगर फिरतो, आणि हत्यार पुढे सरकवत त्याला हवा तसा तासायचा, एवढंच त्याचं काम. मी त्याचं एक चाक फिरवून बघितलं. फिरलं नाही. गाळेवाला म्हणाला, "जाम आहे साहेब, भंगारातच देणार होतो." माझा जीव तिथेच अडकला.

कारण आबा. माझे वडील गिरणीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते, म्हणजे जन्मभर असल्याच लेथवर उभे. गिरणी गेली, मग इकडेतिकडे कामं केली, मग घरी बसले. आई होती तोवर तिच्याशी भांडण्यात त्यांचा दिवस बरा जायचा. ती गेली आणि आबा बोलायचेच थांबले. आजारी नव्हते. दोन वेळा जेवायचे, पेपर वाचायचे, आणि 'होय', 'नको', 'पंखो बंद कर' एवढ्या भांडवलावर अख्खा आठवडा काढायचे. मला ते सहन व्हायचं नाही. मी तापट माणूस. घरात कोणी उलट बोललं नाही तर मला घास जात नाही. मला वाटलं, लेथ आणलं तर आबा निदान मला नालायक तरी म्हणतील.

आबांनी लेथकडे एकदा बघितलं. "गंजलेला आसा," म्हणाले आणि पेपर उघडला.

बोलले ते सोसायटीचे सेक्रेटरी. ते बनियनवरच धावत आले होते. राहत्या इमारतीत कारखाना चालणार नाही, वगैरे सगळं झाल्यावर त्यांनी नेमका मुद्दा काढला. आमच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, काकू एकट्या राहतात. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि कानाने इतक्या तिखट की आमच्या घरी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते जिन्यात भेटल्यावर सांगतात. "काकूंची हरकत नाही असं लेखी आणा," सेक्रेटरी म्हणाले. "नाहीतर हे भंगारात जाईल."

काकू जिन्यातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चालवून दाखव. आवाज आला नाही तर सही करीन."

मला त्यांच्यापुढे जरा रुबाब करायची हुक्की आली. "दसऱ्याला सकाळी दहा वाजता," मी म्हणालो. "मुहूर्तावर चालू करून दाखवतो." सेक्रेटरींनी तारीख डायरीत लिहिली. काकूंनी मान हलवली. आम्ही तिघंही जन्माने मराठी, तिघांच्याही घरी दसरा होतो, आणि तिघांपैकी एकालाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

मग मी कामाला लागलो. फोनवर बघून बघून एकेक भाग सोडवला, चहाच्या बशांत ठेवला आणि कुठला कुठे ते विसरलो. गंज मात्र निघेना. तेव्हा मला आठवलं की आई तांब्याची भांडी कोकमाने लख्ख करायची. घरात गावाहून आलेल्या आगळाच्या तीन बाटल्या होत्या. आगळ म्हणजे कोकमाचा आंबट रस, सोलकढीसाठी वर्षभर पुरवायचा. मी एक अख्खी बाटली पातेल्यात ओतली, लेथची दातेरी चाकं त्यात बुडवली आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी चाकं काढून ठेवली. पण उरलेलं आगळ फेकवेना, पुन्हा वापरता येईल म्हणून गाळून परत बाटलीत भरलं. बाटली जागेवर ठेवली. हे मी कोणालाही सांगितलं नाही, कारण मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

रविवारी सुरमई होती आणि सोलकढी होती. सोलकढीचा रंग गुलाबी असतो. ही आभाळासारखी भरून आलेली होती. बायको म्हणाली, नारळ जुना असेल. आबांनी वाटी नाकाजवळ नेली, थांबले, आणि पुन्हा हुंगली.

"हेका गिरणीचो वास येता," ते म्हणाले.

मला कबूल करावं लागलं. बायकोने काहीही न बोलता सगळ्यांच्या वाट्या उचलल्या, ते फार वाईट लक्षण असतं. आबा पाटावरून उठले. हात धुतला. आडवे होऊन मागच्या खोलीत शिरले. मी पाठोपाठ. बशीतली चाकं मी सोडून गेलो होतो त्यापेक्षा जास्त लाल झाली होती.

"आगळात मीठ आसता," आबा म्हणाले. "मीठ लोखंडाक खाता. तू मशीन साफ करतस की तांब्याचो गडू?"

आई गेल्यापासून हे त्यांचं सगळ्यात लांब बोलणं होतं. माझ्या पोटात कढी नव्हती तरी ऊब आली.

त्या दिवसापासून खोली आबांची झाली. त्यांनी मला डिझेल आणायला लावलं, पॉलिश पेपर आणायला लावले, आणि मी सोडवलेलं सगळं कसं चुकीचं सोडवलंय ते दर अर्ध्या तासाने सांगू लागले. लेथचा लांब गुळगुळीत पाया असतो त्याला बेड म्हणतात. आबांनी डोळे मिटून त्यावरून नख फिरवलं, आणि एका जागी नख अडलं. तिथे बारीक खळगा होता.

"हयसर नारळ फोडलेलो आसा," ते म्हणाले. "दर दसऱ्याक. मशीनीवर नारळ फोडूक काय ती देवळाची पायरी आसा?"

साकीनाक्याच्या त्या अनोळखी लोकांवर ते चार दिवस रागावलेले होते. रोज तेल लावलेला धारेचा दगड घेऊन खळग्याच्या कडा घासत बसायचे आणि त्यांना शिव्या द्यायचे. शिव्या संपल्या की माझ्यावर यायचे.

आवाज आणि हादरे वर जाऊ नयेत म्हणून लेथच्या पायांखाली रबर हवं होतं. आबा म्हणाले, जुन्या स्लिपरांचे तळवे कापून थर लावायचे. माझ्या स्लिपर गेल्या, त्यांच्या गेल्या. तरी एका पायावर लेथ डुगडुगत होतं. मग एका सकाळी बायको सगळ्या घरभर एकच स्लिपर घालून फिरत होती आणि दुसरी शोधत होती. आबा पेपरमागे गेले. मीही कॅलेंडर वाचायला लागलो.

मोटरची तार नव्याने गुंडाळायला दिली होती, ती मोटर आली नवमीच्या दिवशी. मी म्हणालो, जरा फिरवून बघू. आबा म्हणाले, "आधी पूजा." मला ते पटलं. आधी पूजा, मग चालू. उद्या दहा वाजता.

दसऱ्याला बायकोने दाराला तोरण लावलं, लेथपुढे बारीक रांगोळी काढली. आबा पांढरा शर्ट घालून आले. लेथला हळदकुंकू वाहिलं, दांडा पकडतात त्या चकला झेंडूचा हार घातला, आणि नारळ दाराबाहेरच्या दगडावर फोडला, मुद्दाम माझ्याकडे बघत. दहाला पाच कमी असताना सेक्रेटरी आले. हातात स्टीलचा ग्लास, काठोकाठ पाणी. योजना अशी होती की ते आणि काकू वरती बसणार, ग्लास जमिनीवर ठेवणार, पाणी हललं की लेथ भंगारात. दहा वाजता त्यांचा फोन आला. "बसलोय आम्ही. करा चालू."

"करतो," म्हणालो, फोन खिशात टाकला आणि बटणाकडे हात नेला. आबांनी मनगट धरलं.

"खय चललस? पूजा झाली मा?"

"झाली की. म्हणून तर चालू करतोय."

"आज तेका हात लावूचो नाय. उद्या."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दसऱ्याला पूजलेलं हत्यार त्या दिवशी वापरत नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी मी पाटी, दप्तर, गणिताचं पुस्तक, शेजारच्याचंही गणिताचं पुस्तक सरस्वतीपुढे ठेवून अभ्यासाला दांडी मारायचो. अख्ख्या वर्षात मशीन न चालवायचा जो एकच दिवस, तोच मी चालवून दाखवायला निवडला होता.

"आबा, आज नाही चालवलं तर उद्या भंगारवाला नेईल."

"नेऊ दे. जन्मात दसऱ्याक मशीनीक हात लावूक नाय. आता काकूसाठी लावू?"

"अहो, काकू वर कान लावून बसल्यात."

"बसू दे. शाळेत आसताना सरस्वतीक हात लावूचो नसता म्हणान रडायचस. आता बरो हात लावूक होयो तुका."

मग जे सुरू झालं ते लेथपुरतं राहिलं नाही. आगळ निघालं. बारावीचे माझे मार्क निघाले. मी आयटीआयला न जाता कॉमर्सला का गेलो ते निघालं. मी म्हणालो, तुम्हीच म्हणाला होता लोखंडात भविष्य नाही. ते म्हणाले, मी म्हटलंय तां एकच ऐकलस. बायको मध्ये पडायला आली आणि तिच्या स्लिपरचा विषय निघाल्यावर तिसरी बाजू झाली. आबांचा आवाज इतका मोठा आहे हे मी विसरून गेलो होतो. गिरणीत मशीनच्या गोंगाटावर बोलायची सवय, ती गेलेली नव्हती.

वीसेक मिनिटांनी दारात सेक्रेटरी उभे. मागे काकू.

"कमाल आहे," सेक्रेटरी म्हणाले. "पाण्यावर साधी लहर नाही. मी डोळा हलवला नाही ग्लासवरून. आवाज म्हणाल तर तुमचा बापलेकांचा तेवढा आला."

काकूंनी स्वतःचं पेन काढलं आणि कागदावर सही केली. आबांनी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, आणि बायकोने त्यात प्रसादाचा खोबऱ्याचा मोठा तुकडा ठेवला. आबांना कवळी आहे. तुकडा संपेपर्यंत पाहुणे आपट्याची पानं देऊन निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी आबा लेथपुढे स्टूल घेऊन बसले, हात मांडीवर. मी बटण दाबा म्हणालो. हलले नाहीत.

"खोटा सांगान मशीन चलवूची नाय. आधी काकूक खरा सांगून ये."

आबा ऐकणार नाहीत हे मला कळत होतं. लेथ जाणार हेही. एवढे महिने घासलं, पुसलं, आणि आबा त्यावर एकदाही उभे न राहता ते जाणार. जिना चढताना मला खरोखर रडू येत होतं. काकूंनी दार उघडलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, शाळेत सांगतात तसं.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "सेक्रेटरी ग्लास बघत होते. मी कान लावला होता. मशीन लागलंच नाही, तुमचं भांडण ऐकलं."

"मग सही कशी केलीत?"

"अरे, तुझी आई गेल्यापासून तुमच्या घरातून आबांचा भांडणाचा आवाज आला नव्हता. मधे तर मला वाटायचं, तुम्ही त्यांना गावी नेऊन ठेवलंय आणि सांगत नाही." मग म्हणाल्या, "दुपारी दोन ते चार मी झोपते. तेवढं बंद ठेवायचं. आणि पुन्हा भांडाल तेव्हा खिडकी उघडी ठेवा. तुझ्या बायकोचं स्लिपरचं मला नीट ऐकू आलं नाही."

खाली येऊन मी आबांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ. मग उठून उभे राहिले आणि बटण दाबलं. लेथ घरघरलं, स्लिपरांवर थरथरलं, आणि लागलं फिरायला. आवाज चांगलाच होता. आबांनी पितळी दांड्याला हत्यार लावलं आणि पिवळ्या धमक किसाची लांब सुरळी त्यांच्या पांढऱ्या शर्टवर पडत गेली. मग त्यांनी मला पुढे केलं आणि चाक हातात दिलं. मी ते जरा जोरातच फिरवलं. कट्ट असा आवाज झाला आणि हत्याराचं टोक तुटून पलीकडे पडलं.

आबांनी मशीन बंद केलं. तुटलेलं टोक उचलून माझ्या डोळ्यांपुढे धरलं.

"नालायक," ते म्हणाले.

बायकोने उठून खिडकी उघडली.