मक्त्याची गाडी

नागपूरच्या कंपनीतल्या बाईंनी फोनवर साधं विचारलं, "मॅडम, गाडी किती वर्षांसाठी हवी?" आणि माझी बोबडी वळली. वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी वाणिज्य शिकवते. विकत घ्यावं की भाड्यानं घ्यावं, घसारा कुणाच्या माथी, चालू खर्च कुणाच्या, हे फळ्यावर लिहिण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. तरी त्या बाईंना उद्या सांगते म्हणाले आणि फोन ठेवला.

गाडी बाबांसाठी हवी होती. त्यांच्या किडन्यांनी हात वर केले होते आणि आठवड्यातून तीनदा त्यांना आमच्या आंजी गावाहून वर्ध्याला डायलिसिसला न्यावं लागत होतं. आई आधीच गेलेली, धाकटा भाऊ पुण्याला, मी लग्न केलेलं नाही. घरात आम्ही दोघंच. गावातल्या एकाची जुनी व्हॅन आम्ही ठरवली होती. माणूस चांगला होता, पण व्हॅनमध्ये पेट्रोलचा वास कोंडलेला असायचा. डायलिसिस करून निघालं की बाबांच्या अंगात त्राण नसायचं. त्यात तो वास, ते हिसके. ते लिंबू नाकाशी धरून बसायचे आणि तरी गावाच्या अलीकडे गाडी थांबवून ओकायचे. तसलं पांढरंफटक तोंड घेऊन ते माझ्याकडे बघून ओशाळं हसायचे. मला त्या हसण्याचा फार राग यायचा.

विजेच्या गाडीचं भावानं सुचवलं. वास नाही, धूर नाही, गिअरचे हिसके नाहीत. रस्ता ठरलेला, आंजी ते वर्धा आणि परत, त्यामुळे वाटेत चार्जिंग संपेल ही धास्ती नाही. रात्री घरीच तार लावून ठेवायची. पण विकत घ्यायचं म्हटलं तर आकडा ऐकूनच घाम फुटत होता, आणि त्यातही बॅटरीची भीती. आपल्याकडचा मे महिना माणसांना शिजवतो, तिथं बॅटरीचं काय होईल कोण जाणे. म्हणून भाडेकरार, म्हणजे भावाच्या भाषेत लीज. दरमहा ठरलेली रक्कम भरायची, विमा आणि दुरुस्ती त्यात आली, बॅटरी बिघडली तर डोक्याला ताप त्यांचा. उलट बाजूही होती. इतके हप्ते भरून शेवटी हातात काही उरणार नाही, जास्त फिरवली तर जादा पैसे, मध्येच परत केली तर दंड. आणि मुदत जितकी लांब, तितका हप्ता कमी.

हे सगळं मी तोलत होते. एकच गोष्ट तोलायची नव्हती आणि नेमकी तीच त्या बाईंनी विचारली. भाड्याची गाडी आम्हाला सोयीची होती, कारण गरज कधीतरी संपणार होती. ती कशी संपणार, हे मला ठाऊक होतं. किती वर्षांसाठी, या प्रश्नाचा माझ्या घरातला अर्थ एकच होता, बाबा अजून किती वर्षं आहेत. असला प्रश्न मुलीला कुणी विचारू नये.

शेवटी मी ओट्यावर बाबांजवळ बसले आणि मुदतीचं सोडून सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं, त्यांच्या डोक्यावरून जाईल. ते मध्येच म्हणाले, हे तर मक्त्यासारखंच झालं.

बाबांचं स्वतःचं वावर थोडं. त्यांनी आयुष्यभर शेजारपाजारची शेतं मक्त्यानं केली, म्हणजे ठरलेले पैसे मालकाला द्यायचे आणि वर्षभर शेत आपलं. मक्ता पाडव्याला सुरू होतो आणि पाडव्याला संपतो. पाडव्याच्या आत बाबा कपाशीची पऱ्हाटी उपटून टाकायचे, धसकटं वेचायचे, खचलेला धुरा, म्हणजे शेताचा बांध, पुन्हा घालायचे आणि मालकाची वाट बघत बसायचे. मालक यायचा, धुऱ्याधुऱ्यानं एक फेरी मारायचा, घरी येऊन चहा घ्यायचा आणि म्हणायचा, या साली पण तूच कर. कधी म्हणायचाही नाही. पुढच्या वर्षी शेत दुसऱ्याकडे जाणार हे पक्कं ठाऊक असलं तरी बाबा त्यातलं शेवटचं धसकट वेचायचे. आई चिडायची, दुसऱ्याच्या वावराची कसली सेवा करता म्हणायची. ते म्हणायचे, वावराला काय माहीत मालक कोण.

तेव्हा मक्ता म्हटल्यावर त्यांनी पुढचं आपोआप विचारलं. किती सालाचा? मी म्हटलं, दोन, तीन किंवा चार. ते म्हणाले, मक्ता एका सालाचाच बरा असतो. एका सालाचा मिळत नाही म्हटल्यावर म्हणाले, मग दोनाचा घे. मी आयुष्यात कधी हिशेब सोडून वागले नाही, पण त्या क्षणी माझं डोकं फिरलं. मी चार म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "चार साल मले कोन देते?"

"कंपनी देते, बाबा."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंना चार वर्षं सांगितली. हप्ता कमी पडतो म्हणून, असं कारण भावाला दिलं. खरं कारण असं की चार वर्षांच्या कागदावर सही केली की कुणीतरी ती वर्षं बाबांच्या नावावर मंजूर केल्यासारखी वाटतील, असं मला वाटलं होतं. वाणिज्य शिकवणाऱ्या बाईचं हे असं.

गाडी आली ती पांढरी. बैल विकल्यापासून गोठा रिकामा होता, तिथं आम्ही चार्जिंगची तार ओढून घेतली. गव्हाणीशेजारी गाडी उभी राहायची आणि बाबा रोज संध्याकाळी आतून विचारायचे, चारा टाकला का? पावसाळ्यात कधी रात्रभर वीज जायची. मग सकाळी गाडी उपाशी आहे म्हणून तेच काळजी करायचे. पहिल्या दिवशी ते डाव्या सीटवर बसले, मी गाडी सुरू केली आणि आम्ही आर्वी रस्त्याला लागलो तरी त्यांना ती चालू आहे की बंद हे कळेना. परत येताना त्यांनी सीट मागे केली, डोळे मिटले आणि गाव येईपर्यंत झोपले. लिंबू मुठीत तसंच होतं. माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मला वाटलं, या गाडीसाठी कितीही हप्ते भरीन.

मग ती आमची रीतच झाली. जाताना ते बोलायचे, कुणाच्या शेतात काय पेरलंय, कुणाची तूर वाळलीय, कुणाचा धुरा सरकलाय. येताना झोपायचे. डोक्याला भरपूर खोबरेल तेल लावायची त्यांना सवय. काही महिन्यांत सीटवर, डोकं टेकायचं तिथं, एक तेलकट डाग पडला. मी त्यावर टॉवेल टाकायला लागले तर ते काढून ठेवायचे, मऊ लागत नाही म्हणायचे.

पहिला पाडवा आला. मी गुढी उभारायला बाहेर आले तर गाडी धुतलेली. पायाखालच्या चटया भिंतीला टेकवून वाळत टाकलेल्या. सकाळपासून थांबत थांबत, बसत उठत, बाबांनी ती एकट्यानं पुसली होती. ते पांढरा सदरा आणि टोपी घालून ओट्यावर बसले होते, गाडीची किल्ली समोर ठेवली होती. मला म्हणाले, चहा टाक, मालक येईल. मी वैतागले. अहो, चार वर्षांचा करार आहे, कुणी येत नाही, आज तर त्यांना सुट्टी आहे. ते म्हणाले, मला ठाऊक आहे चार सालाचं, पण पाडव्याला मालकानं एकदा नजर टाकावी. आणि ते बसूनच राहिले. ऊन ओट्यावर चढायला लागलं. वाट बघताना त्यांचा चेहरा अगदी सरळ होता. मग मीच उठले. गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, चाकं पाहिली, दार उघडून आत डोकावले आणि त्यांच्यासमोर येऊन म्हटलं, या सालीबी तुम्हीच करा. त्यांनी मान हलवली आणि किल्ली उचलून खिशात घातली. मग आम्ही चहा प्यालो.

दुसऱ्या पाडव्याला त्यांना ओट्यापर्यंत येववलं नाही. खाट खिडकीशी सरकवून घेतली आणि तिथून ते बघत राहिले. मी गाडी धुतली, फेरी मारली, खिडकीशी येऊन तेच वाक्य म्हटलं. या वेळी त्यांनी मान हलवली नाही.

"पुढच्या पाडव्याले मी नसलो तं गाडी ठेवू नको, बाई," ते म्हणाले. "साफसूफ करून वापस देजो."

मी चिडून म्हटलं, "कायले असं बोलून राह्यले?"

"मक्ता माह्या नावाचा हाय."

मी आत निघून गेले आणि उगाच भांडी घासत बसले.

दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत ते गेले. डायलिसिस चालू असतानाच रक्तदाब उतरला तो वर आलाच नाही. त्यांना घरी आणलं ते दवाखान्याच्या गाडीतून, आणि मी आपली गाडी घेऊन मागून येत होते. ती गाडी डिझेलची होती. तिचा काळा धूर माझ्या काचेवर येत होता. बाबांना हा वास सहन होत नाही, त्यांना माझ्या गाडीत द्या, असं मला ओरडून सांगायचं होतं. कुणाला सांगायचं ते कळेना. डावी सीट तशीच मागे झुकलेली होती. आंजीपर्यंत मी एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.

तेरवी झाल्यावर भावानं विषय काढला. आता ही गाडी कशाला, करार मोडून टाक. मी त्याला दंडाची रक्कम सांगितली. मुदत जवळजवळ निम्मी उरली आहे, मोडण्यापेक्षा वापरणं परवडतं, कॉलेजला जायला मला उपयोगी आहे, पेट्रोल वाचतं. एकेक मुद्दा बरोबर होता. त्याला पटलंही. मला स्वतःला मात्र ठाऊक होतं की मी गाडीला नाही, त्या तेलाच्या डागाला धरून बसले आहे. कॉलेज सुटल्यावर मी गाडीत बसायची, काचा बंद करायची आणि डाव्या बाजूला झुकून वास घ्यायची. तिथं कुणाला बसू देत नसे. एकदा सोबतची शिक्षिका बसायला लागली तर मी तिला मागं बसवलं.

आणि रस्ता तर तोच. आता कुणाची तूर वाळलीय हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून मीच बघत जायची. होळी झाल्यावर एका वळणावर एक माणूस भर उन्हात रिकाम्या शेतातून वाकून धसकटं वेचताना दिसला. शेत त्याचं होतं की मक्त्याचं, कोण जाणे. मी गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ त्याला बघत बसले. बाबांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं ते एवढंच, आणि मी त्यावर दंडाचा हिशेब मांडून बसले होते. घरी येऊन कंपनीला फोन केला. दंड भरते, पाडव्याच्या आदल्या दिवशी गाडी न्यायला या म्हटलं.

त्याआधीच्या रविवारी मी गाडी गोठ्यातून अंगणात काढली. चटया झाडल्या, काचा पुसल्या, कप्पे रिकामे केले. सीटखाली वाळून काळं पडलेलं एक लिंबू निघालं. ते मी फेकलं नाही, ओट्यावर ठेवलं. शेवटी तो डाग उरला. कोमट पाण्यात साबण कालवून मी फडक्यानं चोळायला लागले. पहिल्यांदा काहीच हललं नाही, मग ओल्या कापडातून तेलाचा वास वर आला. बाबा शेजारी येऊन बसल्यासारखा तो वास होता. मी थांबले. तेवढाच राहू द्यावा असं फार वाटलं. एका डागासाठी कंपनी कितीसे पैसे कापणार? पण साफ म्हणजे साफ, हे मला त्यांच्याइतकं कुणी शिकवलं नव्हतं. मी पुन्हा पाणी आणलं, पुन्हा चोळलं. बादलीतलं पाणी तुळशीत ओतायला निघाले, मग साबणाचं पाणी म्हणून अंगणात सांडलं. संध्याकाळपर्यंत सीट वाळली. मी नाक टेकवून पाहिलं. नुसता साबणाचा वास येत होता.

कंपनीचा माणूस ठरल्या दिवशी आला. मी ओट्यावर किल्ली समोर ठेवून बसले होते. तो गाडीभोवती फिरला, चाकं पाहिली, दारं उघडली, आत वाकून बघितलं. मी चहा टाकला होता, त्यानं तो उभ्यानंच घेतला.

"मॅडम, गाडी फारच छान ठेवली तुम्ही," तो म्हणाला. "ही डावी सीट तर नवीकोरी आहे. यावर कधी कोणी बसलंच नाही वाटतं."

मी त्यानं दाखवलं तिथं सही केली. गाडीला आवाज नव्हता, त्यामुळे ती कोपऱ्यावरून वळली कधी ते कळलं नाही. मालकाच्या तोंडून असे शब्द ऐकून बाबा वर्षभर खूश राहिले असते. मी ओट्यावर बसून पोटभर रडले.