मोतीराम गुरुजींचा परातीतला छापखाना

जी वस्तू ज्या कामासाठी केली, त्या कामाला ती वापरायचीच नाही, असं मोतीराम गुरुजींचं जणू व्रत होतं. सायकलच्या पंपानं ते चूल फुलवत, छत्रीच्या काडीनं पाठ खाजवत, आणि टेबलावरचं घड्याळ बंद पडल्यापासून त्यात बडीशेप ठेवत. अकोल्याच्या त्या गल्लीत त्यांना कोणी काही उसनं देत नसे. दिलेली वस्तू परत येई, पण दुसरंच काहीतरी होऊन.

एकसष्ट सालच्या एप्रिलात त्यांच्या प्राथमिक शाळेतल्या वाचनालयावर संक्रांत आली. वाचनालय म्हणजे एक खोली, एक कपाट आणि एकशे बारा पुस्तकं. त्यातली चाळीस कपाशीवरच्या किडीबद्दल. हेडमास्तर उत्तमरावांना ती खोली दूध-पावडरीची पोती ठेवायला हवी होती. तिथं पोरं नुसती झोपा काढतात, असं त्यांनी वर कळवलं. शनिवारी शाळा तपासणारे डिप्टीसाहेब येऊन काय तो निकाल लावणार होते.

गुरुजींचं अन्न गोड लागेना. लहानपणी बाळापूरला ते वाचनालयाच्या खिडकीबाहेर उभे राहून पेपर वाचत. आतला वाचणारा जेवढा त्यांच्याकडे धरील तेवढाच, म्हणजे नेहमी मागचंच पान. आता कुठं एका खोलीची किल्ली त्यांच्या खिशात आली होती.

"पोरं तिथं गोष्टी लिहितात अन् छापतात," असं ते उत्तमरावांना तावातावानं सांगून बसले. लिहिणं खरं होतं, दर बुधवारी. छापण्याचं त्यांना स्वतःलाच तोंडातून निघाल्यावर कळलं.

मग त्यांना ट्रेनिंगमध्ये ऐकलेली एक कृती आठवली. सुताराचा सरस, ग्लिसरीन आणि पाणी आटवून पसरट भांड्यात ओतायचं, की ते खरवसासारखं गोठतं. जांभळ्या शाईनं लिहिलेला कागद त्या खरवसावर दाबला की अक्षरं आत उतरतात. वरून कोरे कागद दाबले की तीसेक प्रती निघतात. पसरट भांडं घरात एकच होतं.

"अवो, त्या परातीत मी पीठ मळतो," त्यांची बायको मैनाबाई म्हणाल्या.

"शनिवारलोक भात खाऊ."

सरसाच्या वासानं शेजारचे किसनराव नाक धरून आले. "वहिनी, काय शिजून राहिलं?"

"गोष्टी शिजून राहिल्या. बसा, वाढतो."

किसनराव बसले नाहीत.

अकोल्याच्या उन्हात तो खरवस काही केल्या गोठेना. शेवटी परात माठाखालच्या ओल्या वाळूवर ठेवली, तेव्हा शुक्रवारी सकाळी गोठला. एक गोष्ट छापली की परात दिवसभर तशीच ठेवायची, म्हणजे जुनी शाई तळाशी जाते, असा नियम होता. पण हातात दिवस एकच होता. गुरुजींनी वर्गातल्या शालूची बकरीची गोष्ट छापली, ओलं फडकं फिरवलं आणि लगेच बुधाजीची मामाच्या लग्नाची छापली. कागदावर काय उमटतंय ते पाहायला फुरसत कुणाला होती?

शनिवारी डिप्टीसाहेब आले. पुण्याकडचे, तोंडावर सुरकुती नाही की हसू नाही. त्यांनी छापलेल्या गठ्ठ्यातला वरचा कागद उचलला आणि मोठ्यानं वाचू लागले:

"आमच्या मामाचं लग्न ठरलं. नवरी दिसायला
काळी, चार पायांची अन् लांब कानांची होती. तिला पाहून
मामाला आनंद झाला. त्यानं तिच्या गळ्यात
दावं बांधलं अन् अंजनगावच्या बाजारात नेलं. तिथं
सगळ्या पाहुण्यांनी तिचे
दात मोजले."

 गुरुजींनी साहेबांच्या खांद्यावरून कागदात डोकावलं. खरवसानं शालूच्या ओळी पोटात ठेवून बुधाजीच्या ओळींमधून वर काढल्या होत्या. उत्तमराव मात्र पोती मोजत असल्यासारखे खोलीभर पाहू लागले.

"माही बकरी याच्या मामाले काहून देली?" शालूनं विचारलं.

"माह्या मामाले बी नाई पायजे तुही बकरी," बुधाजी म्हणाला.

साहेबांनी कागद उलटा करून पाहिला. मागं कोरा. "पुढं काय झालं?"

"बकरी बाजारातून पळाली," शालू म्हणाली.

"अन् मामा?"

"तो वरातीत बसला होता," बुधाजी म्हणाला. "त्याले कोणी सांगितलंच नाई."

साहेबांच्या मिशा आधी हलल्या, मग पोट हललं, मग ते सतरंजीवरच बसले. गोष्ट पुरी करता करता साहेबांची बाळापूरला जायची मोटर निघून गेली. गोष्टीतली बकरी मंडपातल्या अक्षता खाऊन गेल्यावरच त्यांनी शेरेबुक मागवलं आणि शेरा लिहिला: वाचनालयाची खोली वाचनालयालाच राहील.

गुरुजींनी तो दोनदा वाचला. मग खिडकी उघडून बाहेर कोणी उभं आहे का ते पाहिलं.

साहेब उठले, दारापर्यंत गेले आणि थबकले. "गुरुजी, माझ्या आत्याच्या म्हशीची एक गोष्ट आहे. छापता येईल?"

गुरुजी "आत्ता घेतो" म्हणत कोपऱ्यात आणून ठेवलेल्या परातीकडे धावले, पण शालू मध्ये आली.

"लाईनीत लागा साहेब," ती म्हणाली. "आधी माही बकरी एकटीची छापाची हाये."