खांब घेऊन आलेल्या बंड्या

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. आमच्या यांनी अकोल्याच्या एका कारखान्यात लेथवरचं काम शिकून शेलूबाजारला स्वतःचं दुकान टाकलं होतं. लेथ म्हणजे लोखंड फिरवून कापायचं, त्याला आटे पाडायचं यंत्र. आमचा जुनाच होता, पण आजूबाजूच्या गावांत तेवढा एकच. बाजारात जागा पाहायला गेलो तर आम्ही बौद्ध म्हटल्यावर कोणाची खोली आधीच ठरलेली निघायची, कोणाकडं पाहुणे यायचे असायचे. शेवटी भाजीपाला करणाऱ्या एका माळी काकांनी गावापासून मैलभर लांब, शेताच्या कडेची टिनाची खोली दिली. पुढं लेथ, मागं आमची चूल.

वीज गावात आली होती, आमच्यापर्यंत नव्हती. लेथ डिझेल इंजिनाच्या पट्ट्यावर चाले. त्या वर्षी डिझेल मिळेनासं झालं. हे दोन डबे घेऊन दिवसभर रांगेत उभे राहत आणि कधी एक भरून, कधी दोन्ही रिकामे घेऊन परत येत. काम दाराशी पडलेलं आणि यंत्र बंद. एका सकाळी म्हणाले, "भांडे बांध. अकोल्याचा मालक परत कामावर घेतो म्हनते. लेथ इकून टाकू."

मी भांडी बांधायला बसले. तेवढ्यात काका पंपाचा तुटलेला दांडा खांद्यावर टाकून आले.

"काहून भांडे बांधून राह्यली, बाई?"

"अकोल्याले चाल्लो, काका."

काकांनी दांडा खाली ठेवला आणि उंबऱ्यावर बसले. मग यांना म्हणाले, "आठ दिवस थांब. मी बोलतो."

"कोनासंग?"

"ज्याचं ज्याचं काम तू करतं, त्या समद्याईसंग."

ते गेल्यावर हे मला म्हणाले, "लोक बोलते अन् इसरते." भांडी बांधलेलीच राहिली. वर ठेवलेल्या चार भांड्यांत मी स्वयंपाक करायचे.

काका कुठं कुठं फिरले ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. पेरणीच्या तिफणीचे फाळ करून नेणारे शेतकरी किन्हीराजाला होते, त्यांच्याकडं गेले. मानोऱ्याकडच्या बंजाऱ्यांच्या एका तांड्यावर गेले. तांड्यातली माणसं दरसाल ऊस तोडायला जात आणि निघण्याआधी बंड्यांचे, म्हणजे बैलगाड्यांचे, आख आमच्याकडून नीट करून घेत. बाजाराच्या दिवशी हे सगळे आमच्या दाराशी जमले. एकमेकांची त्यांना धड ओळखही नव्हती. काकांनी वीजवाल्या साहेबांनाही आणलं होतं.

साहेब सरळ बोलले. "मंजुरी मी आणतो. खांब इथल्या मालेगावला येऊन पडलेत, तारही आहे. पण माणसं दुसरीकडं गुंतलीत. एवढ्यात तुमचा नंबर लागणार नाही."

तांड्याच्या नाईकानं, म्हणजे तिथल्या मुख्य माणसानं, शांतपणे विचारलं, "खांब वाह्याचं अन् खड्डे खंदाचं, तेवढंच अडून राह्यलं का?"

"तेवढंच."

"मंग ते आमच्यावर सोडा."

पंधरा दिवस काही झालं नाही. मंजुरी आल्याचं काकांनी सांगितलं, तरी यांचा विश्वास बसेना. मग एका सकाळी मी अंगण झाडत होते आणि किन्हीराजाच्या रस्त्यावर धूळ दिसली. मला वाटलं वरात असेल. जवळ आल्यावर पाहिलं तर बंड्या. एकेक खांब इतका लांब की एका बंडीवर मावत नव्हता. दोन बंड्यांची चाकं पुढं-मागं लावून त्यावर बांधलेला. बैल वेगवेगळ्या गावांचे, हाकणारे वेगवेगळे. मी मोजायला लागले आणि चुकले. हातातला झाडू तसाच राहिला. आमच्या एका यंत्रासाठी एवढे लोक आदल्या दिवसापासून वाट चालत होते. हे बाहेर आले आणि दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

खड्डे तांड्याच्या बायामाणसांनी खणले. मुरूम कडक, पहार लागली की ठिणगी उडायची. किन्हीराजाचे लोक दोर धरून खांब उभे करत, साहेबांचा माणूस ओळंबा बघून "जरा डावीकडं" म्हणायचा आणि तीस-चाळीस माणसं एकदम जरा डावीकडं ओढायची.

काकांची म्हातारी आई इतक्या दिवसांत आमच्या अंगणात आली नव्हती. बोलायची ती बांधावरून. त्या दुपारी ती पिठल्याचं भगुणं डोक्यावर घेऊन आली, सगळ्यांना वाढलं, आणि घाम पुसत माझ्या माठापाशी येऊन म्हणाली, "पानी दे वं, बाई."

मी घाबरून यांच्याकडं पाहिलं. मग गडू भरून दिला. ती तोंड लावून प्याली, गडू परत दिला आणि पुन्हा वाढायला गेली. तिला त्याचं काहीच नव्हतं. मी मात्र तो गडू धरून माठापाशीच उभी राहिले.

लाइन सुरू झाली, लेथला मोटर जोडली, तेव्हा यांनी नाईकाला बटण दाबायला सांगितलं. तो म्हणाला, "तुह्यं यंत्र हाय, तूच दाब." यांनी दाबलं. पट्टा फिरला, आणि बंडीच्या आखावरून लोखंडाचं पहिलं वेटोळं निघून खाली पडलं. अख्खी गर्दी ते बघायला पुढं सरकली.

त्याच लाइनवर पुढच्या वर्षी पिठाची गिरणी आली, मग वेल्डिंगचं दुकान. काम इतकं वाढलं की तांड्यातले दोघं जण यांच्या हाताखाली शिकले आणि काही वर्षांनी मानोऱ्याला त्यांनी स्वतःचा लेथ बसवला. आम्ही पाहायला गेलो होतो. हे त्या नव्या यंत्राभोवती दोनदा फिरले, हात लावून बघितलं, चहा घेतला. परतताना जीपमध्ये मला हळूच म्हणाले, "त्याईचा लेथ आपल्यापेक्षा चांगला हाय." आणि शेलूबाजार येईपर्यंत स्वतःशीच हसत होते.